ॲल्युमिनियमची जन्मजात कल्हई

सणवार जवळ आला की आपल्या घरोघरी समया, निरांजने, तांब्या, पळी-पंचपात्र बाहेर निघतात. एका वाडग्यात चिंच भिजत पडते. मोठ्या बाया पाटावर बसून पितळ घासू लागतात आणि तासाभरात काळपट समई सोन्यासारखी झळकू लागते. ही रीत आपल्या पणज्यांनी कोकणातून बोटीत बसताना बरोबर आणली. भाषा थोडी विसरली, पण पितळ कसे घासावे हे कोणी विसरले नाही. त्या रीतीतून आपल्या मनात एक नियम घट्ट बसला आहे: जितके जहाल, तितके लख्ख.

हा नियम पितळेला लागू आहे. ॲल्युमिनियमला तो लावला तर काय होते, ते गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी पाहावयास मिळाले.

माझ्या वडिलांची एक जुनी मोबिलेट होती. साखर कारखान्यात पहाटेच्या पाळीला ते तिच्यावरून जात. ते गेल्यावर ती मागच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडून होती. माझा भाचा हौशी. ‘मामा, आजोबांची गाडी मी पुन्हा चालू करणार’ म्हणून त्याने ती सगळी खोलली. इंजिनाच्या आवरणावर तेल, धूळ आणि उसाच्या शेतातली लाल माती यांचा बोटभर थर बसला होता. त्या आवरणाच्या आतल्या बाजूस वडिलांनी आरीने आपल्या नावाची दोन अक्षरे कोरली होती. गॅरेजमध्ये गाडी दिली तर भाग बदलला जाऊ नये, एवढाच त्यात हेतू.

भाच्याने विचार केला, मोरीत तुंबलेले तेल-तूप ज्याने सुटते त्याने हेही सुटेल. त्याने झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गरम पाणी घेतले, त्यात कॉस्टिक सोडा टाकला, आवरण बुडविले आणि वास येऊ नये म्हणून झाकण घट्ट फिरवले. पाच-सात मिनिटांत डबा फुगला आणि मोठा आवाज होऊन झाकण छताला लागले. सोड्याचे पाणी त्याच्या मनगटावर उडाले. नशीब एवढेच की त्या क्षणी तो खाली वाकलेला नव्हता. माझ्या बहिणीने त्याचा हात नळाखाली धरला तो वीस मिनिटे सोडला नाही. दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले की हात वाचला तो त्या पाण्यामुळे.

आवरण बाहेर काढले तेव्हा तेल गेले होते खरे, पण धातू कोळशासारखा काळा पडला होता. ‘मामा, मी तर साफ करायला घातले, हे काळे का झाले?’ हा त्याचा प्रश्न. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डेक्सी, खिडक्यांच्या चौकटी, होडीचे इंजिन असे काही ना काही ॲल्युमिनियमचे असतेच. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे बरे.

जुन्या लोकांना कल्हई आठवत असेल. पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी केली तर ती कळकते, म्हणून कल्हईवाला दारी येई. भट्टीवर भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथिलाचा पातळ थर फिरवी. तो थर झिजला की पुन्हा कल्हई. ॲल्युमिनियमची गंमत अशी की त्याला कल्हई जन्मतःच मिळते, आणि तीही फुकट. धातूचा ताजा भाग हवेला लागला की क्षणार्धात हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन वर ऑक्साइडचे पापुद्र्यासारखे कवच तयार होते. हे कवच दोन ते चार नॅनोमीटर जाड, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतके. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्याच जिवावर ॲल्युमिनियम टिकते. ओरखडा पडला तरी ते तेथल्या तेथे पुन्हा भरून येते.

पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्यातला खरा फरक इथे आहे. पितळेवरचा काळा थर म्हणजे मळ. तो काढला की खाली झळाळी. ॲल्युमिनियमवरचा थर म्हणजे चिलखत; ते काढले की आतला धातू उघडा पडतो, आणि उघडे ॲल्युमिनियम फार तापट स्वभावाचे आहे.

हे चिलखत फार आंबट आणि फार खारट-तुरट अशा दोन्ही टोकांना विरघळते. शास्त्रज्ञ आम्लता ‘पीएच’ या मापाने मोजतात. 7 म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल, वर अल्कली. ढोबळमानाने 4 ते 8.5 यांच्या दरम्यान हे कवच सुखरूप असते. लिंबाचा रस आणि व्हिनेगर 2 ते 3 च्या आसपास, म्हणजे हद्दीबाहेर. राखेचे पाणी, धुण्याचा सोडा, जावेलचे पाणी ही 11 च्या पुढे, आणि कॉस्टिक सोडा तर 14 च्या जवळ. म्हणजे आपली चिंच एका बाजूने बाहेर आणि आपली राख दुसऱ्या बाजूने बाहेर! पितळेची दोन्ही लाडकी औषधे ॲल्युमिनियमला वर्ज्य ठरली.

कॉस्टिक सोड्यात कवच विरघळले की आतल्या धातूचा पाण्याशी थेट झगडा सुरू होतो. पाणी तापते आणि हायड्रोजन वायू सुटतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळले तर सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो. आमच्या डब्यात काही ग्रॅम तरी विरघळले असणार. बंद डब्यात एवढा वायू मावणार कुठे? शिवाय तो पेट घेणारा. हवेत शेकडा 4 इतका मिसळला तरी ठिणगी पुरते. शेडमध्ये त्या दिवशी कोणी बिडी ओढत नव्हते, हेही नशीबच.

आता काळेपणाचे. इंजिनाचे भाग शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात. ओतकामासाठी त्यात सिलिकॉन आणि थोडे तांबे मिसळलेले असते. सोडा ॲल्युमिनियम खातो, पण तांबे आणि बरेचसे सिलिकॉन त्याला पचत नाही. ते बारीक भुकटीच्या रूपाने पृष्ठभागावर उरते. तोच तो काळा लेप. कारखान्यांत तो नायट्रिक आम्लाच्या हौदात बुडवून काढतात. घरी त्या वाटेला जाऊ नये.

मग सुटे भाग साफ करायचे कसे? आमच्या गावातील एका जुन्या मेकॅनिकने भाच्याला समोर बसवून उरलेले भाग धुवून दाखविले. चाळीस वर्षे मोपेड आणि होड्यांची इंजिने हाताळलेला माणूस. त्याच्याजवळ काही जहाल नव्हते. एक लाकडी पट्टी, एक नायलॉनचा ब्रश, दोन दात घासण्याचे जुने ब्रश, बाटलीभर केरोसीन, भांडी धुण्याचा पातळ साबण आणि जुने सुती कपडे, बस.

पहिले काम खरवडण्याचे, आणि तेही कोरडे. माती-तेलाचा जाड थर लाकडी पट्टीने निघतो. स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा नाही, कारण ॲल्युमिनियम मऊ. दोन भाग जेथे एकमेकांना भिडतात, जेथे गॅस्केट बसते, त्या सपाट कडेवर लोखंडाने एक ओरखडा उठला की इंजिन जन्मभर तेल गळत राहते. गॅस्केटचा चिकटलेला कागद केरोसीनने भिजवून ठेवावा, घाई करू नये.

त्यानंतर केरोसीन. ब्रशने लावायचे, दहा मिनिटे मुरू द्यायचे, पुन्हा ब्रश. तेलाचा मळ तेलातच विरघळतो. धातूच्या कवचाला केरोसीन काही करीत नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे ही चूक सर्रास होते. केरोसीनऐवजी पेट्रोल वापरू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांवरही पेट घेण्याइतकी उठते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्वयंपाकाच्या गॅसपर्यंत पोहोचते. केरोसीन त्या मानाने सोशिक, पण तेही उघड्यावर, वाऱ्यात आणि विस्तवापासून दूर वापरावे. भिजलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नयेत आणि मळके केरोसीन गटारात ओतू नये. ते शेवटी आपल्याच समुद्रात जाते.

मग कोमट पाणी आणि भांडी धुण्याचा साबण. हा साबण मध्यम पीएचचा असतो, म्हणून चालतो. कपड्यांची पावडर आणि डिशवॉशरच्या वड्या अल्कली असतात, त्या चालत नाहीत. कोपऱ्या-कापऱ्यांत दात घासण्याचा ब्रश फिरवावा. भाग साबणात रात्रभर बुडवून ठेवू नये. धुतला, लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने खळखळून काढला आणि लगेच पुसला. ‘लगेच’ हा शब्द त्या मेकॅनिकने इतक्या वेळा उच्चारला की भाच्याने हसून त्याचे नावच ‘लगेच काका’ ठेवले. पण त्यात मर्म आहे. आपल्या पाण्यात चुना असतो. थेंब जागच्या जागी वाळले की पांढरट डाग उठतात आणि मग ते काढण्यासाठी माणूस पुन्हा काहीतरी जहाल शोधू लागतो.

तारेचा काथ्या मात्र हातात घेऊच नये. लोखंडाचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, पुढे गंजतात आणि तांबूस ठिपके पडतात. लोक म्हणतात ॲल्युमिनियम गंजले; गंजलेले असते ते लोखंड.

एवढे करूनही काही ठिकाणी पांढरी भुकटी किंवा करडे डाग राहतात. तेथे आंबटाचा उपयोग आहे, पण औषधासारखा. व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळावे, कापडाने डागावर लावावे, दोन-चार मिनिटे थांबावे, धुवावे, पुसावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. त्यावर थोडी मेटल पॉलिश मऊ कापडाने फिरवली की झाले. आणि कार्बुरेटर? तो ॲल्युमिनियमसारखा दिसतो, पण पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. व्हिनेगरमध्ये भिजत घातलेला असा कार्बुरेटर दुसऱ्या दिवशी खडबडीत होऊन निघतो. त्याला आंबट लावूच नये.

जावेलच्या पाण्याबद्दल दोन शब्द. आपल्या घरांत बाथरूमपासून अंगणापर्यंत सगळीकडे जावेल. ॲल्युमिनियमवर ते खड्डे पाडते, हा एक दोष. दुसरा त्याहून भयंकर: जावेल सांडलेल्या जागी व्हिनेगर किंवा दुसरे आम्ल ओतले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो फुफ्फुसांचा घात करतो. दोन्ही बाटल्या एका वेळी उघडू नयेत.

बाजारात चाके आणि ट्रकच्या टाक्या चकाचक करणारी पातळ द्रव्ये मिळतात. नुसते फवारले की धातू पांढरा शुभ्र होतो. त्यांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे आम्ल कातडीवर पडले तरी कधी कधी प्रथम काही जाणवत नाही. ते आत उतरते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात. हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर तीव्र आम्ल पडले तरी हृदयाची गती बिघडून जीव जाऊ शकतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावावी लागते, आणि ती किती घरांत असते? बाटलीवर फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत ‘फ्लोर’, ‘फ्लुओराइड’ असे काही दिसले तर ती परत फळीवर ठेवावी. ‘सोडियम हायड्रॉक्साइड’, ‘पोटॅशियम हायड्रॉक्साइड’ किंवा ‘सूद’ दिसले तर तो कॉस्टिकच, नाव कितीही गोड असो. ओव्हन साफ करण्याच्या फवाऱ्यांत बहुधा हेच असते.

सोडा अंगावर उडालाच तर भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावे. वर व्हिनेगर ओतून ‘मारा’ करू नये. त्याने उष्णता वाढते. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून पाणी सोडत राहावे आणि कोणाला तरी 114 वर सामूला फोन करावयास सांगावे. चष्मा आणि रबरी हातमोजे नसतील तर असल्या कामाला हात घालू नये.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण भगिनीवर्ग म्हणेल की मोबिलेटचे पुराण पुरे. डेक्सी आतून काळी पडते ती बहुधा नुसते पाणी उकळल्याने. अंडी उकडली, भाकरीच्या उकडीचे आधण ठेवले की एक काळपट कडे उठते. पाण्यातील क्षार आणि किंचित अल्कलीपणा त्याला कारण. तो काळेपणा अन्नात विष कालवत नाही, तेव्हा घाबरू नये. काढायचाच असेल तर डेक्सीत कड्याच्या वरपर्यंत पाणी घ्यावे, लिटरमागे दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा एका लिंबाचा रस घालावा, दहा-पंधरा मिनिटे मंद उकळावे, ओतून द्यावे, धुवावे, पुसावे. याउलट पोम्दामूरची रुगाय किंवा चिंचेची आमटी रात्रभर त्याच डेक्सीत ठेवू नये. सकाळी तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि आमटीला धातूची चव लागते. शिजवा खुशाल, पण शिजल्यावर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. लग्नाच्या मोठ्या डेक्सींना बाहेरून लाकडाची काजळी धरते. चुलीवर ठेवण्यापूर्वी बाहेरून साबणाचा हात फिरवला तर ती नंतर नुसत्या पाण्याने सुटते. ही युक्ती आमच्या आत्यांची, शास्त्राची नव्हे, पण पक्की.

समुद्राकाठी, रिव्हिएर न्वार किंवा तामारेंकडे राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास, म्हणजे तसा हद्दीत. पण मिठातील क्लोराइड कवचाला सुईसारखे भोक पाडते. खिडकीच्या चौकटीवर पांढरे पुरळ उठते ते हेच. त्यावर उपाय महिन्यातून एकदा-दोनदा गोडे पाणी आणि साबण, याहून काही नाही. चौकटी बहुधा ॲनोडाइज केलेल्या असतात. म्हणजे तेच कवच विजेच्या साहाय्याने हजारोपट जाड केलेले. तरीही सोड्यापुढे ते टिकत नाही. 1960 च्या कॅरोल वादळानंतर आपण पत्र्याच्या घरांतून काँक्रीटच्या घरांत आलो, आणि घर वाढविण्याचे, गिलावा करण्याचे काम आपल्याकडे कधी संपत नाही. ओले सिमेंटही तीव्र अल्कली असते. त्याचा शिंतोडा चौकटीवर वाळला तर खाली कायमचा डाग. गवंडी असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, किंवा आधीच कागद चिकटवावा. होडीवाल्यांनी परत आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे, आणि स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये घट्ट करताना मध्ये ग्रीस लावावे. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे एक बॅटरीच. तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम.

जाता जाता एक गंमत. हा धातू एके काळी चांदीच्या तोडीचा महाग होता. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या कांड्या लोकांनी नवलाने पाहिल्या. 1886 साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांस न ओळखता तो विजेने काढण्याची एकच युक्ती शोधली. दोघांचा जन्म 1863 चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, 1914 ला. त्यानंतर तो इतका स्वस्त झाला की आपण त्याला राखेने घासू लागलो.

आमच्या आवरणाचे पुढे काय झाले, हे काहींनी विचारलेच असते. लगेच काकांनी काळी भुकटी ओल्या कापडाने आणि मेटल पॉलिशने बरीचशी काढली. चकाकी परत आली नाही. धातू करडा आणि किंचित खरखरीत राहिला. वडिलांनी कोरलेली अक्षरे पुसट झाली आहेत. पहिले वाचता येते, दुसरे माहीत असणाऱ्यालाच दिसते. माझी बहीण म्हणाली, रंग मारून टाक. भाच्याने मारला नाही. परवा रविवारी त्याने गाडी चालू केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. एका बाजूचे आवरण लख्ख होते, दुसरे करडे. परत आल्यावर त्याने दोन्ही सुक्या फडक्याने पुसली, लगेच.